जुनें प्रेम आणि नवें वचन

प्रेमकथांमध्यें पूर्वप्रेमी म्हणून जें एक पात्र असतें, त्याच्यावर कथालेखकांनीं बहुधा अन्यायच केलेला आढळतो. कोठें तो खलपुरुष होऊन नव्या संसाराचा विध्वंस करावयास येतो, तर कोठें चार घटका हंसें व्हावें एवढ्यासाठींच त्याला रंगभूमीवर आणून उभें केलेलें असतें. वस्तुतः मनुष्याच्या आयुष्यांत जुनें प्रेम पुन्हा भेटीस येतें तेव्हां तें या दोहोंपैकीं कोणत्याच वेषानें येत नाहीं. तें सभ्य असतें, ओळखीचें असतें, आणि आपण एके काळीं हात जोडून मागितलेलें व न मिळालेलें असेंच कांहीं तें पुष्कळदां बरोबर घेऊन येतें. अशा वेळीं काय करावें, हा प्रश्न गंभीर नाटकांनीं अनेकवार हाताळला आहे. परंतु एका विनोदी दूरचित्रवाणी मालिकेनें तो, प्रेक्षकांस हंसवतां हंसवतां, जितक्या प्रामाणिकपणें सोडविला, तितका फार थोड्या ठिकाणीं सुटलेला आम्हीं पाहिला आहे. म्हणून या महिन्यांत त्या मालिकेंतील एका प्रसंगाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्यांनीं ही मालिका पाहिली नसेल अशा वाचकांसाठीं प्रथम तिची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. ‘फ्रेंड्स’ ही मालिका डेव्हिड क्रेन व मार्टा कॉफमन या दोघांनीं निर्माण केली. अमेरिकेंतील एन.बी.सी. वाहिनीवर तिचा पहिला भाग २२ सप्टेंबर १९९४ रोजीं व शेवटचा ६ मे २००४ रोजीं दाखविण्यांत आला. दहा पर्वांत मिळून तिचे २३६ भाग झाले. न्यूयॉर्क शहरांत राहणारे तीन तरुण व तीन तरुणी अशा सहा स्नेह्यांची ही कथा. चित्रण मात्र कॅलिफोर्नियांतील बरबँक येथील वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रशाळेंत, बहुतेक वेळां समोर प्रेक्षक बसवून होत असे. त्यामुळें तिला नाटकाच्या प्रयोगाची कळा आली आहे. प्रेक्षकांचें हंसूं ओसरेपर्यंत नट थांबतो, आणि तें थांबणेंही अभिनयाचाच भाग होऊन जातें. जवळजवळ प्रत्येक भागाचें नांव ‘तो अमक्याचा भाग’ अशा थाटाचें असतें. घरोघर प्रेक्षक भागाची आठवण काढतात तीही तशीच. आम्ही ज्याविषयीं लिहीत आहों तो ‘द वन विथ द प्रपोजल’, म्हणजे ‘लग्नाच्या मागणीचा’ भाग. सहाव्या पर्वाच्या शेवटीं, १८ मे २००० रोजीं, तो दोन खंडांत दाखविला गेला.

या भागाचें मर्म कळण्यास चार वर्षें मागें जावें लागतें. मोनिका ही या सहांपैकीं एक. व्यवसायानें पाककुशल, स्वभावानें टापटिपीची, आणि मुलाबाळांच्या संसाराची मनापासून हौस असलेली. १९९६ सालच्या आरंभीं तिचें रिचर्ड नांवाच्या नेत्रवैद्यावर प्रेम बसलें. रिचर्ड हा तिच्या वडिलांचा स्नेही, तिच्याहून २१ वर्षांनीं वडील, घटस्फोटित, मुलें हाताशीं आलेला, किंबहुना आजोबा झालेला गृहस्थ. ही भूमिका टॉम सेलेक या नटानें अशा कांहीं आदबीनें केली आहे कीं, या प्रेमांत प्रेक्षकांस कोठेंही अनुचित वाटूं नये. दोघांचें पटत होतें. अडलें तें एकाच ठिकाणीं : तिला मूल हवें होतें, आणि त्याला तो सारा व्याप पुन्हा आरंभापासून करण्याची इच्छा नव्हती. त्याच वर्षीं १६ मे रोजीं दाखविलेल्या भागांत, दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नसमारंभांत नृत्य करतां करतां, हा विषय निर्णयाला आला. तुला गमावण्यापेक्षां तेंही करीन, असें तो म्हणाला. परंतु ज्याला मूल मनापासून नको आहे, त्याच्याकडून केवळ आपल्यासाठीं तें घेणें तिला पटलें नाहीं. दोघांचेंही प्रेम शाबूत असतां तीं दोघें वेगळीं झालीं.

त्याच भागांत जुन्या प्रेमाचे आणखी दोन नमुने लेखकांनीं ठेविले आहेत. तें लग्न होतें तें मोनिकेची मैत्रीण रेचल हिच्या पूर्वींच्या नियोजित वराचें, आणि त्यांत रेचल करवली होऊन मिरवीत असते. चॅंडलर हा स्नेही संगणकावरून एका अनोळखी स्त्रीशीं मोठ्या उत्कंठेनें संभाषण करीत असतो. ती प्रत्यक्ष भेटीस आल्यावर, जिच्यापासून तो वारंवार पळाला तीच जॅनिस निघते. येथें जुनें प्रेम केवळ हंसण्यापुरतें आहे. दोन हंसण्याचे व एक हुरहूर लावणारा, असे तिन्ही रंग एकाच भागांत शेजारीं शेजारीं मांडण्यांत लेखकांची हुशारी दिसते. भरतमुनींनीं हास्यरस हा शृंगारापासूनच उत्पन्न होतो असें सांगितलें आहे, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. प्रेमांतील अवघडलेपणा थोडा दुरून पाहिला कीं त्याचें हंसें होतें. जवळून पाहिला कीं तोच डोळे ओले करतो. ही मालिका प्रेक्षकांस कधीं जवळ बसविते, कधीं दूर.

आतां त्या चॅंडलरविषयीं. तो बोलण्यांत मोठा चतुर. त्याच्या एकेका वाक्याला सभागृह दणाणून जातें. परंतु ही चतुराई कोठून आली तें मालिकेनें प्रथमपासून सांगून ठेविलें आहे. तो नऊ वर्षांचा असतांना, घरांतील सणाच्या भोजनाच्या वेळीं, आईबापांनीं आपल्या घटस्फोटाची वार्ता त्याला दिली. तेव्हांपासून ज्या ज्या ठिकाणीं मन उघडें करण्याचा प्रसंग येतो, त्या त्या ठिकाणीं तो विनोद पुढें करतो. असा हा मनुष्य आणि मोनिका ७ मे १९९८ रोजीं दाखविलेल्या लंडनमधील भागांत अकल्पितपणें एकत्र आलीं. हें प्रकरण लेखकांनीं आरंभीं अल्पकाळचेंच योजिलें होतें. परंतु प्रत्यक्ष चित्रणाच्या वेळीं प्रेक्षकांनीं केलेला जल्लोष ऐकून त्यांनीं आपला बेत बदलला, असें मालिकेच्या कर्त्यांनीं मागाहून सांगितलें आहे. पुढील दोन वर्षांत तें प्रेम स्थिरावलें, आणि २००० सालच्या वसंतांत चॅंडलरनें तिला मागणी घालण्याचें ठरवून अंगठी घेतली.

तिला आवडणाऱ्या एका उंची उपाहारगृहांत मागणी घालावी असा त्याचा बेत. दोघें जाऊन बसतात, शब्द ओठांवर येतात, आणि इतक्यांत रिचर्ड आपल्या सोबतिणीसह आंत येतो व योगायोगानें शेजारच्याच मेजावर बसतो. मागणी राहून जाते. येथवर हा निव्वळ विनोदाचा योग आहे. परंतु चॅंडलरचा पुढचा डाव त्याच्या स्वभावांतून निघतो, आणि तेथेंच कथेला खरें वळण लागतें. मोनिकेला आपल्या बेताची शंका आली असावी असें त्याच्या मनांत येतें. मागणी अगदीं अकल्पित व्हावी म्हणून, आपल्याला लग्नांत कांहींच राम वाटत नाहीं असें सोंग तो घेतो. लग्नाची थट्टा हा तर त्याच्या हातचा मळ; सोंग इतकें बेमालूम वठतें कीं मोनिकेला तें खरें वाटतें. कोणत्याही स्त्रीला वाटलें असतें.

गैरसमजावर उभीं असलेलीं प्रहसनें आम्हांला नवीं नाहींत. देवलांचें ‘संशयकल्लोळ’, ज्याचें मूळ मोलियेरच्या प्रहसनापर्यंत जातें, तें १९१६ पासून मराठी प्रेक्षक हंसत हंसत पाहत आले आहेत. परंतु तेथें एक तसबीर भलत्याच्या हातीं पडते आणि संशयाचें वादळ उठतें. म्हणजे दोष बराचसा योगायोगाचा. येथें तसें नाहीं. चॅंडलरचा गैरसमज कोणी बाहेरच्यानें केलेला नाहीं. जें बोलावयाचें त्याच्या नेमकें उलट बोलून त्यानें तो स्वतःच्या हातानें रचिला आहे. म्हणून पाहणारास हंसूं येतें आणि त्याबरोबरच पोटांत धस्सही होतें.

या धस्स होण्याच्या क्षणींच रिचर्ड पुन्हा येतो. यावेळीं योगायोगानें नव्हे, तर बुद्धिपुरस्सर. मोनिका काम करते त्या ठिकाणीं येऊन तो तिला सांगतो कीं, आपलें तिच्यावर अजून प्रेम आहे. तिच्याशीं लग्न करण्याची व तिला हवीं तीं मुलें वाढविण्याची आतां आपली तयारी आहे. वाचकांनीं येथें क्षणभर थांबून मोनिकेच्या जागीं उभें राहून पाहावें. चार वर्षांपूर्वीं ज्या एका गोष्टीसाठीं तिनें आपलें मन मोडलें, ती गोष्ट आतां न मागतां समोर आली आहे. आणि ज्याच्यावर तिचें आज प्रेम आहे तो मनुष्य लग्नाची खिल्ली उडवीत बसला आहे.

आपल्या नाट्यशास्त्रकारांनीं कथानकाचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पांच संधि सांगितले आहेत. त्यांपैकीं विमर्शाविषयीं धनंजयाच्या ‘दशरूपका’त असें म्हटलें आहे कीं, क्रोधामुळें, संकटामुळें किंवा प्रलोभनामुळें जेथें फलप्राप्तीच्या मार्गांत मनुष्याला थबकून विचार करावा लागतो, तो हा संधि. हजार वर्षांपूर्वींचें हें लक्षण न्यूयॉर्कमधील या प्रसंगास तंतोतंत लागू पडावें, याचें आम्हांस कौतुक वाटतें. मात्र हें प्रलोभन धनाचें वा रूपाचें नाहीं. आपल्याच जुन्या मागणीचें प्रलोभन आहे तें, आणि म्हणूनच तें टाळण्यास सर्वांत कठीण.

मोनिका डगमगते. ती रिचर्डच्या घरीं जाते, हें लेखकांनीं लपविलें नाहीं, आणि तिला निर्विकार देवताही बनविलें नाहीं. परंतु ती तेथें राहत नाहीं. विचार करावयाचा आहे असें म्हणून ती निघते. या विचारांत तिच्या मनांत काय आलें असेल, तें मालिका शब्दांनीं सांगत नाहीं. पुढील कृतीवरूनच तें ओळखावें लागतें. आम्हांला तें असें दिसतें. जी गोष्ट आपण मागितली आणि जी आज मिळते आहे, त्या दोन्ही एक नव्हेत. मागितली होती ती त्या वेळच्या रिचर्डकडे, त्या वेळच्या मोनिकेनें. मधल्या चार वर्षांत मागणारीच बदलली. भूक लागली असतां न वाढलेलें पान, पोट भरल्यावर कितीही आग्रहानें समोर आणलें तरी त्यानें ती भूक भागली असें होत नाहीं. रिचर्डच्या प्रेमांत खोट नाहीं. उणीव आहे ती वेळेची, आणि प्रेमाच्या व्यवहारांत वेळ हें कांहीं बाह्य अंग नव्हे.

इकडे चॅंडलरला सारा प्रकार कळतो, आणि तो धांवत सुटतो तो थेट रिचर्डच्या घरीं. दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर आले, आतां शब्दाला शब्द लागणार, असें प्रेक्षकास वाटतें. तसें कांहींच होत नाहीं. मोनिका येथून गेली, असें रिचर्ड सांगतो. या तरुणानें तिच्यासाठीं अंगठी घेतली आहे हें कळल्यावर तो बाजूला होतो आणि उलट त्यालाच सांगतो कीं, जाऊन तिला गांठ, आणि ती मिळाली तर पुन्हा सोडूं नकोस. हा उपदेश ज्यानें स्वतः सोडून दिलें त्याच्या तोंडून येतो, म्हणून त्याला वजन आहे. आमच्या मतें संबंध भागांतील सर्वांत थोर क्षण हाच. पूर्वप्रेम्याला हरवून नायकाला मोठें करण्याचा सोपा मार्ग लेखकांनीं टाकला. हरलेल्यालाच मोठें केलें, आणि त्यामुळें मोनिकेनें एके काळीं त्याच्यावर प्रेम केलें होतें तें प्रेमही उजळून निघालें.

चॅंडलर घराच्या दाराशीं येतो तों मित्र जोई त्याला सांगतो कीं मोनिका निघून गेली. हताश होऊन तो दार उघडतो, आणि आंत पाहतो तों शेंकडों मेणबत्त्यांच्या प्रकाशांत मोनिका उभी! तिला सर्व कळलें आहे. त्यांच्याकडे पुरुषानें एक गुडघा टेकून मागणी घालावयाची चाल आहे. येथें तीच गुडघा टेकते. बोलूं लागते, पण कंठ दाटून येतो व वाक्य अर्धेंच राहतें. बायका हें कां करीत नाहींत तें आतां समजलें, असें कांहींसें रडतां रडतां म्हणते, आणि प्रेक्षक हंसतात. मग तोही तिच्या समोर गुडघ्यावर येतो. काय बोलावें व कोठें बोलावें यालाच आपण महत्त्व देत बसलों होतों, पण महत्त्वाचें एवढेंच कीं तूं मला माझ्या कल्पनेहूनही सुखी केलेंस, अशा आशयाचें तो साधें, सरळ बोलतो. ज्या मनुष्यानें सहा वर्षें प्रत्येक नाजुक क्षणीं विनोदाची ढाल पुढें केली, तो पहिल्यांदांच ती खालीं ठेवतो. मॅथ्यू पेरी या नटानें हा क्षण किती संयमानें केला आहे तें पाहण्यासारखें आहे. हा नट २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं वयाच्या ५४ व्या वर्षीं वारला. त्यानंतर हा प्रसंग पाहतांना मनाला वेगळाच चटका बसतो. कोर्टनी कॉक्स हिनें मोनिकेचें हंसूं व रडूं एकमेकांत जसें मिसळलें आहे, त्याचेंही मोल तितकेंच.

या भागांतील उपकथानकांविषयीं विस्तार करण्याचें कारण नाहीं. जोई एका धर्मार्थ लिलांवांत, किंमत ओळखण्याचा हा खेळ आहे अशा समजुतीनें बोली लावून बसतो आणि नाव त्याच्या गळ्यांत पडते; रॉस आपल्या विद्यार्थिनीशीं जुळलेलें अप्रशस्त प्रकरण संपवितो. मात्र फीबी व रेचल यांचा संवाद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. अमुक वयापर्यंत लग्न न जमल्यास अमक्याशीं करावयाचें, असा राखीव वर हातीं असावा काय, याची त्या दोघी गंभीरपणें चर्चा करतात. हंसवणाऱ्या या चर्चेच्या शेजारीं मोनिकेची निवड ठेविली कीं तिचा अर्थ अधिक खुलतो. रिचर्डला तिनें राखीव म्हणून ठेविलें नाहीं. तसें करणें सोयीचें होतें. परंतु तो त्या सद्गृहस्थाचाही अपमान झाला असता.

कोणी म्हणेल कीं, सातासमुद्रांपलीकडील या तरुण मंडळींच्या प्रेमप्रकरणांशीं आमच्या घरांचा काय संबंध? त्यांच्या चालीरीति निराळ्या, आणि त्यांतील कित्येक आम्हांस संमतही नाहींत. आक्षेप वाजवी आहे. परंतु एका गोष्टीकडे आम्ही वडील मंडळींचें लक्ष वेधूं इच्छितों. पूर्वीं आमच्याकडे लग्न जुळवितांना बोलण्याचें काम मध्यस्थ करीत. मुलीचा मामा किंवा मुलाचे काका यांनीं विषय काढावा, वडिलांनीं होकार द्यावा, याद्या कराव्या, आणि वधूवरांनीं एकमेकांशीं अवाक्षरही न बोलतां बोहल्यावर उभें राहावें. त्या पद्धतीचे गुणदोष कांहींही असोत, मनांतलें शब्दांत मांडण्याचा भार वधूवरांवर नव्हता. आतां अनेक घरांत मुलें-मुली आपली निवड आपणच करतात, आणि तो भार त्यांच्याच शिरावर आला आहे. पण बोलण्याची संवय आम्हीं त्यांना लाविली आहे काय? घरांत विनोद चालतो, वादविवाद चालतो, परीक्षेचे गुण आणि नोकरीचा पगार यांची चर्चा चालते. परंतु ‘तुझ्यावांचून मला करमत नाहीं’ एवढें साधें वाक्य पतीनें पत्नीला किंवा मुलानें आईला सरळ म्हटलेलें किती घरांत ऐकूं येतें? थट्टेंत गुंडाळलेलें प्रेम समोरच्यानें ओळखून घ्यावें, अशी आमची अपेक्षा. पुष्कळदां तो ओळखतोही. परंतु एखाद्या दिवशीं तो थट्टेलाच खरें मानतो, आणि नेमक्या त्याच दिवशीं दुसरा कोणी स्पष्ट शब्द घेऊन दारांत उभा राहतो.

जुन्या प्रेमाचें पुनरागमन ही म्हणून आपत्ति नव्हे, परीक्षा होय. आणि ती ज्याच्याकडे जुनें प्रेम परत आलें त्याची नसते तितकी, जो आज त्याच्या शेजारीं उभा आहे त्याची असते. रिचर्ड आला नसता तर चॅंडलर आणखी किती दिवस शब्द लांबणीवर टाकीत राहिला असता, कोण जाणे!

या कथेचें उत्तरचरित्र सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. २००१ सालच्या मे महिन्यांत या दोघांचें लग्न झालें. पुढें २००३ सालीं दाखविलेल्या भागांत, वैद्यकीय तपासणीनंतर, त्यांना स्वतःचें मूल होणें जवळजवळ अशक्य आहे असें कळतें. नियतीचा हा विनोद किती कठोर! मुलासाठीं जिनें रिचर्डला सोडलें, तिच्याच नशिबीं हें यावें? हिशेबानें पाहिलें तर मोनिकेचा व्यवहार आतबट्ट्याचा ठरला असें कोणी म्हणेल. परंतु १९९६ सालीं तिनें जें मागितलें होतें तें पुन्हा आठवावें. तिनें केवळ मूल मागितलें नव्हतें. मूल मनापासून हवें असणारा सोबती मागितला होता. तो तिला मिळाला. म्हणून ती वार्ता ऐकल्यावरही दोघें एकमेकांस दोष देत बसलीं नाहींत. दत्तक घेण्याचें त्यांनीं मिळून ठरविलें. ६ मे २००४ रोजीं दाखविलेल्या शेवटच्या भागांत, जो अमेरिकेंत सुमारें सव्वापांच कोटी लोकांनीं पाहिला, एका बालकाची वाट पाहणाऱ्या या दांपत्याच्या हातीं जुळीं येतात, एक मुलगा व एक मुलगी. चॅंडलरची त्या वेळची तारांबळ पाहून पुन्हा एकवार सर्वजण हंसतात.

आमच्या वाचक भगिनींपैकीं ज्यांच्या घरांत हे भाग मुलें पाहत असतील, त्यांनीं एकदां त्यांच्या शेजारीं बसून ते अवश्य पाहावे. भाषा परकी आहे, कांहीं प्रसंग संकोच वाटावा असेही आहेत; परंतु मागणीचा हा भाग संपल्यावर मुलांशीं बोलण्यास एक चांगला विषय मिळेल. रिचर्ड बाजूला झाला तें योग्य केलें काय, मोनिकेनें त्याच्या घरीं जावयास नको होतें काय, चॅंडलरनें सोंग घ्यावयाचें कारण काय, असे प्रश्न मुलांनाच विचारावे आणि त्यांचीं उत्तरें शांतपणें ऐकून घ्यावीं. त्यांच्या मनांत जें आहे तें त्यांनीं थट्टेच्या आडून न बोलतां सरळ बोलावें, अशी संवय लागण्यास त्याहून सोपी सुरुवात आम्हांस तरी सुचत नाहीं.